नऊची गोळी, पळीभर तीर्थ

आमच्या घरात पुस्तकांच्या आधी पत्रकं आली. माझे वडील नांदेडला रेल्वेच्या कार्यालयात कारकून, आणि कार्यालय सुटलं की पत्रकवाले. पाणी, शाळा, दारू, हुंडा, अंगात येणं, गंडेदोरे, कुठलाही प्रश्न काढा, त्यांच्या स्कूटरच्या डिकीत त्यावरचा गुलाबी नाहीतर पिवळ्या कागदांचा गठ्ठा असायचाच. उरलेली पत्रकं घरात मुरायची. फळीवर अंथरलेली पत्रकं, वहीला कव्हर पत्रकाचं, शेंगदाण्याच्या डब्याखाली पत्रक. मी अक्षरं शिकले ती पाटीवर नाही, 'बंधू-भगिनींनो' या शब्दावर बोट फिरवत शिकले. त्यामुळे मला एक खोड लागली. काहीही घडलं की चार ओळी लिहायच्या, शेवटी उद्गारचिन्ह ठोकायचं, आणि प्रश्न निम्मा तरी सुटला असं समजायचं.

त्या खोडीचा हिशेब माझ्या आत्यानं चुकता केला. तिला विचारूनच हे लिहितेय.

"लिही की," ती म्हणाली, "पण नाव घालू नको. आमच्या गावात माझ्या नावाच्या धा बाया हायत. उगं नवांच्या घरात भांडणं लागतील."

आत्या म्हणजे वडिलांची धाकटी बहीण. लातूरपासून अर्ध्या तासावरच्या एका खेड्यात दिलेली. तिचे यजमान वारले, आणि पुढच्या हिवाळ्यात तीही खंगत गेली. ताप जाईना, अन्न जाईना. तपासण्या झाल्या, एचआयव्ही निघाला. वडिलांनी दुसऱ्या दिवशी पहाटेची बस धरली आणि संध्याकाळी तिला नांदेडला घेऊन आले. सोबत एक पत्र्याची पेटी. पेटीत चार साड्या, देवाची तसबीर, आणि बिस्किटांच्या जुन्या डब्यात बियाणं. तूर, करडई, हिरव्या मिरचीचं बी, सगळं चिंध्यांच्या पुरचुंड्यांत बांधलेलं.

"इथं कुठं पेरणार वन्सं?" आईनं विचारलं.

"असू द्या वहिनी. बी मागं ठिवून आले असते तर रान म्हणलं असतं, गेली ही कायमची."

सरकारी दवाखान्यात तिचे उपचार सुरू झाले. औषध फुकट. रोज एक गोळी, रोज त्याच वेळी, आणि आयुष्यभर. वेळ आम्ही सकाळी नऊची ठरवली. आई शाळेत शिपाई आहे, ती साडेसहालाच बाहेर पडते. मी आठला अभ्यासिकेत जाते. वडील साडेनऊला निघतात. म्हणजे नऊला घरात एक तरी माणूस असणार.

मी अर्थातच पत्रक काढलं. फक्त घरापुरतं. गुलाबी कागदावर जाड पेनानं, 'औषध: आपलं कर्तव्य!' अशा मथळ्याखाली बारा नियम. ते देवघराशेजारच्या भिंतीवर चिकटवलं. आत्या चौथी शिकलेली. तिनं बोट ठेवून दोन दिवसांत सगळं वाचून काढलं, तिसऱ्या दिवशी तिला ते पाठ होतं. मला काय आनंद झाला! आयुष्यात पहिल्यांदा माझं पत्रक कुणी शेवटपर्यंत वाचलं होतं.

सुरुवातीला आम्ही तिघं तिच्या मागं हात धुऊन लागलो. माझ्या मोबाइलचा गजर, वडिलांची आरोळी, आईचा शाळेतून फोन. आत्या वैतागायची.

"एका गोळीला किती वऱ्हाड रे दादा! तिला काय न्हाऊ घालून, हळद लावून गिळायचीय का?"

मग तिचा चेहरा भरला. भाकरी अर्ध्यावरून दोनवर गेली. आईनं तिचे ब्लाउज उसवून सैल केले, महिन्यानं पुन्हा उसवले. ती गच्चीवर कुंड्या मांडून मिरची लावायला लागली, गल्लीतल्या भाजीवाल्याशी घासाघीस करायला लागली. ती जसजशी धडधाकट दिसायला लागली तसतशी आमची चौकशी पातळ होत गेली. आईचा फोन बंद झाला. वडील नऊला मोजे शोधत असायचे. माझा गजर वाजायचा खरा, पण मी तो अभ्यासिकेत बसून बंद करायची आणि मला वाटायचं, झालं आपलं काम.

श्रावणात एका संध्याकाळी आत्यानं विषय काढला.

"दादा, औंदा येळवसला मला माझ्या रानात कोप घालायची हाय."

लातूरकडच्या माणसाला येळवस म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. इतरांसाठी सांगते. मार्गशीर्षातली वेळ अमावस्या. त्या दिवशी लातूर शहरात चहासुद्धा मिळायची मारामार, कारण सगळं शहर रानात गेलेलं असतं. ज्वारीत कडब्याच्या पेंढ्यांची खोपी उभी करतात, तिला कोप म्हणतात. तिच्यात देव मांडतात, पूजा करतात, आणि मग शेंगा-पालेभाज्यांची एकत्र भज्जी, ज्वारी-बाजरीचे उंडे, ताकातली आंबील असं जेवण. रस्त्यानं जाणाऱ्यालाही हाक मारून बसवतात. पण कोप घालायची ती रानाच्या मालकानं. आत्याच्या दीड एकरात दोन वर्षं कोप उभी राहिली नव्हती.

"आणि तिथून परत नांदेडला यायचं नाही, असंच ना?" वडील म्हणाले.

"घर हाय की माझं तिकडं. किती दिवस भावाच्या घरी पावणी म्हणून राहू?"

वडिलांनी दोन अटी घातल्या. सहा महिन्यांची रक्ताची तपासणी आता होणार होती. रक्तात विषाणू किती उरलाय ते त्यात कळतं, औषध लागू पडतंय की नाही ते त्यावरून ठरतं. ती चांगली आली पाहिजे. दुसरी अट, तिकडं रोज गोळीच्या वेळी समोर बसणारं कुणीतरी पाहिजे.

"माझी थोरली जाऊ हाय."

"कोण? जिच्याशी तू सात वर्षं बोलत नव्हतीस ती?"

"आता बोलते. परवा फोन आल्ता तिचा. म्हणली, ये लवकर, भांडायला कुणीच न्हाई."

वडील हसले, पण अटी मागं घेतल्या नाहीत. आत्यानं त्याच रात्रीपासून येळवसचे दिवस मोजायला घेतले. तपासणीची तिला फिकीरच नव्हती. बारा नियमांतला एकही तिनं मोडला नव्हता.

गणपतीच्या सुमारास निकाल आला. वाईट आला. विषाणू पाहिजे तितका खाली गेलेला नव्हता.

दवाखान्यात समुपदेशन करणाऱ्या ताई होत्या. आवाज मऊ, पण प्रश्न नेमके. त्यांनी विचारलं, "गोळ्या चुकतात का हो कधी?"

"एक बी न्हाई," आत्या ताठ बसून म्हणाली. "जसं लिवलंय तसं घेतलंय."

ताईंनी समजावलं. आता तीन महिने एकही दिवस चुकवायचा नाही, घरच्यांनी रोज समोर बसून गोळी द्यायची, मग पुन्हा रक्त तपासायचं. तरीही आकडा उतरला नाही तर औषध बदलायचा विचार करावा लागेल. तोवर गावाकडं राहायला जायचं नाही.

ऑटोत आत्या मधे बसली होती. गुरुद्वाराच्या कमानीपाशी गर्दीत ऑटो थांबला तेव्हा तिनं विचारलं, "म्हंजी येळवस गेली का रे दादा?"

वडिलांनी ऑटोवाल्याला दुसऱ्या रस्त्यानं घ्यायला सांगितलं.

घरी आल्यावर मी चौकशी लावली. अगदी कोर्टासारखी. गोळी कुठं ठेवतेस, पाणी किती पितेस, उलटी होते का. आत्या शांतपणे उठली, पेटी उघडली, तो बियाण्याचा डबा काढला आणि माझ्यासमोर ठेवला.

"एक बी वाया न्हाई घालवली, बघ."

तुरीच्या पुरचुंडीशेजारी आणखी एक पुरचुंडी होती. तिच्यात पांढऱ्या गोळ्या. पसाभर.

"ह्या कुठून आल्या?" मी पुरचुंडी उचलली.

"उरवल्या म्या. गावाकडं गेल्यावर बस बंद पडली, पूर आला, आडीनडीला पायजेत की. बी उरवतो तशा उरवल्या."

"पण कधी उरवल्या? रोज घेतेस ना?"

"उपास सोडून. तूच लिवलंय की."

तिनं भिंतीकडं बोट केलं. आम्ही तिघांनीही तिकडं पाहिलं. नियम सातवा, माझ्याच अक्षरात: 'गोळी जेवणानंतरच घ्यावी. रिकाम्या पोटी कदापि नाही!'

आत्याचे उपास म्हणजे साबुदाण्याचे उपास नव्हेत. तिच्या सासूनं लावलेली शिस्त. दिवसभर तोंडात काही नाही, तीर्थ तेवढं चालतं. सोमवार, दोन्ही एकादश्या, संकष्टी, आणि श्रावणात तर विचारूच नका. सकाळी नऊला पोट रिकामं, म्हणजे सातव्या नियमानुसार गोळी नाही. रात्री उपास सोडल्यावर घ्यावी तर तिसरा नियम आडवा: 'ठरलेली वेळ कदापि बदलू नये!' दोन उद्गारचिन्हांच्या मधल्या सापटीत तिच्या महिन्यातल्या सात-आठ गोळ्या रीतसर अडकत होत्या. दवाखान्यात बाटली मोजली की ती रिकामीच दिसायची, कारण उरलेल्या गोळ्या बियाण्यात.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच ताईंकडं गेले आणि ते गुलाबी पत्रक टेबलावर ठेवलं. त्यांनी ते सावकाश वाचलं.

"हे सातवं तुम्हाला आमच्याकडं कुणी सांगितलं?"

"कुणीच नाही. आमच्या घरी सगळ्या गोळ्या जेवल्यावरच घेतात. म्हणून मी..."

"ही गोळी जेवून घ्या, न जेवता घ्या, उपासात घ्या. फक्त रोज घ्या." मग त्या म्हणाल्या, "अक्षर छान आहे तुमचं. पण कागद भिंतीवर आणि माणूस अभ्यासिकेत, असं नका करू. समोर बसा. आणि त्या साठवलेल्या गोळ्या घेऊन या, घरात नकोत."

ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. अर्ध्या रस्त्यात मला रडू आलं. तिची येळवस मी खाल्ली होती, माझ्या सुबक अक्षरानं.

घरी येऊन मी रडण्याचं भाषण केलं. उपास बंद! आजपासून, या क्षणापासून! शरीराला उपाशी ठेवून कुणाचं भलं झालंय, बायकांनीच का उपास करायचे, वगैरे. मुद्दे सगळे बरोबर होते, आजही मी ते मागं घेत नाही. आत्यानं पूर्ण ऐकून घेतलं.

"झालं? आता ऐक. सोमवार तुझ्या बापाच्या बीपीचा हाय. एकादशी वहिनीच्या गुडघ्याची. संकष्टी तुझ्या नोकरीची. ह्यातला कुणाचा बंद करू, सांग."

मी कॅलेंडरवरच्या सोमवारांकडं पाहिलं.

"तुमी समदे माझ्यासाठी लई करून राहिलात," ती म्हणाली. "माझ्याकडं द्यायला दुसरं काय हाय? तेवढं तरी ऱ्हाऊ द्या."

"पण ताई म्हणाल्या, उपासात गोळी चालते."

"त्यांच्या हातात दवाखाना हाय. उपास त्यांच्या हातात न्हाई."

आई इतका वेळ मेथी निवडत होती. मान वर न करता तिनं विचारलं, "वन्सं, उपासाला तीर्थ चालतं ना?"

"चालतं की."

"किती?"

"किती म्हंजी? तीर्थाला काय माप असतंय?"

"मग तीर्थाबरोबर गोळी पोटात गेली तर उपास कुठं मोडला?"

आत्यानं विचार केला. खरंच केला, पदर दातांत धरून. ती भोळी नव्हती. गोळी म्हणजे गोळी हे तिला आमच्याइतकंच कळत होतं. तिला फक्त एक वाट पाहिजे होती, जिच्यावरून आमचं औषध आणि तिचा उपास दोन्ही सुखरूप जातील. मग तिच्या डोळ्यांत खट्याळ काहीतरी चमकलं.

"जमंल. पण तीर्थ आपल्या हातानं घेत नसतात वहिनी. कुणीतरी द्यावं लागतंय."

आई साडेसहाला बाहेर. मी आठला. आम्ही तिघीही एकदमच वर्तमानपत्राकडं वळलो. वर्तमानपत्रामागं वडील होते.

हे समजायला माझे वडील ठाऊक पाहिजेत. लग्नात त्यांनी अंतरपाटसुद्धा धरू दिला नव्हता. आईचं देवघर घरात आहे ते एका जुन्या तहानं: ती त्यांच्या पत्रकांनी फळ्या पुसत नाही, ते तिच्या देवघराकडं फिरकत नाहीत. मी म्हणाले, "बाबा, हे तत्त्वात बसत नाही. अजिबात नाही."

वर्तमानपत्राची घडी झाली.

"पळी कुठं असते?" वडिलांनी आईला विचारलं.

पहिल्या सकाळी मी मुद्दाम थांबले. वडील कार्यालयाचे कपडे घालून, अनवाणी, देवघरासमोर उभे. हातात तांब्याची पळी अशी धरलेली जणू ती चावेल. आत्या पाटावर बसलेली, उजव्या हाताचा पसा, खाली डावा हात.

"मंतर म्हण."

"मला येत नाही मंत्र."

"मग तुला येतंय ते म्हण. पण काहीतरी म्हणावं लागतंय, उगं मुक्यानं तीर्थ देतेत व्हय?"

वडिलांनी घसा खाकरला. मोर्चातल्या आवाजात, सवयीनं, ते म्हणाले, "बंधू-भगिनींनो..."

आत्याला इतकं हसू फुटलं की तळहातावरची गोळी पाटाखाली गेली. ती शोधून, पुसून, पुन्हा सुरुवात. गोळी चांगली मोठी, पळीभर पाण्यानं उतरेना. दुसरी पळी, तिसरी, शेवटी वडिलांनी अख्खं पंचपात्रच तिच्या हातात दिलं.

"उतरली?"

"उतरली. आता हात डोक्यावरून फिरव म्हण."

"फिरव."

"बुवा चांगला हाय," आत्या मला म्हणाली. "दक्षणा बी मागत न्हाई."

त्या दिवसापासून उपास असो नसो, नऊ वाजता हेच. 'बंधू-भगिनींनो' झालं की गोळी, मग पंचपात्र. वडिलांनी एकही सकाळ चुकवली नाही, मोजे पावणेनऊलाच सापडायला लागले. आत्यानं संकष्टी सोडली नाही आणि गोळीही.

मग एक दिवस वडिलांचे जुने मित्र आले. वीस-पंचवीस वर्षं दोघांनी मिळून बुवाबाजीविरुद्ध गावोगाव पत्रकं वाटलेली. नवीन गठ्ठा द्यायला आले, दार उघडं होतं, सरळ आत. वेळ नऊ. वडील देवघरासमोर अनवाणी, हातात पळी. सुदैवानं गोळी तेवढ्यात आत्याच्या तोंडात गेलेली होती. नुसतं तीर्थच दिसत होतं.

मित्र दारातच थांबले. बगलेतल्या गठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात 'भोंदूगिरीला बळी पडू नका' असं होतं.

"हे काय करून राहिलात?"

त्या दिवशी अभ्यासिका बंद होती, मी खोलीत होते. मला वाटलं, आता बाबा सांगतील, आणि सांगायलाच पाहिजे. एक वाक्य पुरेसं होतं: बहिणीला औषध देतोय. पण लगेच पुढचा प्रश्न आला असता, कसलं औषध. आणि ते आत्याचं होतं, सांगायचं की नाही हे तिनं ठरवायचं. वडिलांनी आत्याकडं पाहिलं. मग पळी नीट पंचपात्रात ठेवली.

"वय झालं आता," ते म्हणाले. "म्हटलं, थोडं देवाधर्माचंही बघावं."

मित्रांचा चेहरा मला अजून आठवतो. त्यांनी गठ्ठा टेबलावर ठेवला, चहा न घेता गेले. आठवडाभरात बातमी सगळीकडं. चळवळीच्या पुढच्या बैठकीत कुणीतरी वडिलांच्या खुर्चीवर नारळ ठेवला, त्याला हळदकुंकू वाहिलेलं. एकानं विचारलं, सत्यनारायण कधी? वडील नारळ घेऊन घरी आले आणि आईला म्हणाले, "चटणी कर."

मी पेटले होते. "मी खुलासा लिहिते. नाव न घेता. तत्त्वाचा प्रश्न आहे, बाबा! तुमची उभी हयात..."

"एक ओळ लिहिलीस तर याद राख."

"पण लोक हसताहेत."

"हसू दे. आतापर्यंत आपणच त्यांना हसलो." आणि मग थोड्या वेळानं, खोबरं कातताना, "तीन महिन्यांचा प्रश्न आहे. माझी इज्जत तेवढी टिकते."

आत्यानं हे सगळं ऐकलं होतं. ती आत आली, नारळाचा एक तुकडा उचलला.

"दादा, सांग त्यांना. माझी हरकत न्हाई."

"मला सांगायचं नाही."

"कामून?"

"मग नऊ वाजता ते सगळे इथं येतील, गोळी घेतली का बघायला. मला माझी जागा सोडायची नाही."

 ती खोबरं खात त्यांच्याजवळ बसून राहिली.

दिवाळीनंतर मी नवं पत्रक लिहायला घेतलं. या वेळी आत्या शेजारी बसली होती आणि माझ्या हातात पेन असलं तरी चालक ती होती.

"कदापि काढ."

"का?"

"वाचताना दम लागतो."

बारा नियमांचे चार झाले. 'गोळी रोज घ्या. उपास असला तरी घ्या, उपास मोडत नाही. उरवू नका. घरच्यांनो, समोर बसा.' ते आधी ताईंना दाखवलं. त्यांनी एक शब्द बदलला आणि विचारलं, थोड्या प्रती इथं ठेवायला द्याल का? गल्लीतल्या छापखान्यातून मी शंभर काढल्या. माझं आजवरचं सगळ्यात छोटं पत्रक, आणि त्यात एकही उद्गारचिन्ह नाही. आत्यानं मजकूर तपासून सोडला होता, मला घुसवायला जागाच मिळाली नाही.

मार्गशीर्षात रक्त दिलं. निकालाच्या दिवशी आम्ही चौघंही गेलो, आईनं रजा टाकली. बाकावर बसलेलो असताना आत्या बोटांवर काहीतरी मोजत होती. मला वाटलं जप. तर म्हणाली, "तुरीचं दाणं, वटाणा, चाकवत... भज्जीला काय काय लागंल ते बघते. अमुशाला आठ दिस उरले."

ताईंनी कागद उलटा करून आमच्यासमोर धरला. "आढळला नाही," त्या म्हणाल्या. "रक्तात विषाणू मोजता येईल इतकाही सापडला नाही."

"म्हंजी गेला?"

"गेला नाही. दबून बसलाय. गोळी थांबवली की पुन्हा उठणार."

"हाय, पण दिसत न्हाई."

"हो, तसंच."

आत्या वडिलांकडं वळली. "तुझ्या देवासारखंच झालं की रे हे, बुवा."

वडील हसताना कधी चष्मा काढत नाहीत. तेव्हा काढला.

लातूरच्या उपचार केंद्रात तिचं नाव वळवून घ्यायला दोन दिवस लागले. येळवसच्या आदल्या दिवशी आम्ही लोहा-अहमदपूर रस्त्यानं बस धरली, पेटी वडिलांच्या मांडीवर. डब्यात बियाणं होतं, आणि फक्त बियाणंच, ते मी स्वतः उघडून पाहिलं. आत्या रागावली नाही. "बघ, बघ. दरोगा," म्हणाली.

रानात पोचलो तर कोप उभी होती. कडब्याच्या पेंढ्या नीट आवळलेल्या, आत जमीन सारवलेली. आणि कोपीच्या तोंडाशी कमरेवर हात ठेवून आत्याची थोरली जाऊ. काळीसावळी, उंच, आवाज सरळ बांधावरून येणारा.

"आली का नांदेडची राणी! मला वाटलं, आता काय तू मोटारीतून उतरतीस."

"कोप तिरकी घातलीस."

"मग पाड आन् घाल परत. वरीसभर कुठं व्हतीस?"

दोघी भांडायला लागल्या आणि भांडता भांडताच एकमेकींच्या गळ्यात पडल्या. भांडण मात्र थांबलं नाही, ते खांद्यावरून चालूच राहिलं.

येळवसच्या सकाळी पूजा मांडली. बांधापलीकडून माणसं यायला लागली होती, डोक्यावर आंबिलीची मडकी. नऊ वाजता वडिलांनी पिशवीतून पळी काढली. आईनं ती घरून आठवणीनं दिलेली. तेवढ्यात जाऊबाई पुढं आल्या. त्यांच्या हातात त्यांची स्वतःची पळी होती, चिंचेनं घासून लखलखीत केलेली.

"सरा पावणं. आता हे काम माझ्याकडं."

वडील पळी धरून तसेच उभे. "तुम्हाला जमेल ना रोज? नऊलाच लागते."

"माझी म्हैस सहाला पिळायची, शाळेची घंटा धाला व्हती. मधी मला नऊच वाजतेत." मग त्यांनी आवाज खाली आणला, "मंतर काय तो? फोनवर सांगितला व्हता हिनं, पर ध्यानात ऱ्हाईना."

वडिलांनी मंत्र सांगितला. गंभीरपणे, कानात सांगावा तसा.

आत्यानं ओंजळ केली. जाऊबाईंनी तिच्या तळहातावर गोळी ठेवली आणि सगळ्या रानाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "बंधू-भगिनींनो! घ्या!" बांधावरचे चार जण थबकून बघायला लागले. गोळी गेली. मग जाऊबाईंनी आत्यानं घोट घेतलेला आंबिलीचा गडवा तिच्या हातातून घेतला, स्वतः तोंडाला लावला, आणि थबकलेल्यांना हाक मारली, "बघता काय? या की, आंबील प्यायला!"

ते आले. संध्याकाळपर्यंत कितीजण आले त्याचा पत्ता लागला नाही. वडिलांना उंडे इतके वाढले की त्यांना बसच्या थांब्यापर्यंत चालवेना.

दुसऱ्या दिवशी नांदेडला. आई शाळेत गेली. मी अभ्यासिकेत गेले नाही, का ते सांगता येणार नाही. पावणेनऊला वडिलांचे मोजे सापडले, बूट घालून झाले, आणि मग त्यांनी बूट परत काढले. देवघरासमोर जाऊन उभे राहिले. पाट रिकामा.

नऊला फोन वाजला. त्यांनी आवाज मोठा केला. पलीकडं म्हैस हंबरली, भांडं पडलं, आणि मग जाऊबाई, "बंधू-भगिनींनो, हात करा." शांतता. घोट घेतल्याचा आवाज. आणखी एक.

"उतरली का?" वडिलांनी विचारलं.

"उतरली," आत्या म्हणाली. "आन् दादा, आज सोमवार हाय. तुझ्या बीपीचा. खारं खाऊ नको. तू पळी हातात घेऊन उभा हायस का?"

वडिलांनी हातातल्या पळीकडं पाहिलं.

"नाही," ते म्हणाले.

"खोटं बोलून राहिला. ठिव ती खाली, हापिसाला उशीर व्हतोय."

फोन बंद झाला. वडील अजून उभेच. मग ते पळी घेऊन माझ्याकडं वळले. माझी तत्त्वं मला पक्की माहीत आहेत, त्यांनीच शिकवलेली. तरी मी उजवा हात पुढं केला, खाली डावा धरला. पाणी गार होतं, तुळशीच्या वासाचं.

"डोक्यावरून हात फिरव," वडील म्हणाले, आणि बूट शोधायला गेले.